माहीत नाही

डंडीच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
एफी पेट्री, वय ब्याऐंशी,
सतरा वेळा म्हणाली, "माहीत नाही."
आज वार कोणता? माहीत नाही.
मघाचे तीन शब्द? माहीत नाही.
घड्याळ काढून अकरा-दहा वाजवायला सांगितले
तर नुसतं वर्तुळ काढून पेन्सिल ठेवून दिली.

डॉ. मॉर्व्हेन गेडिस नऊ वर्षं
एकाच कोड्यापाशी बसली आहे :
हे विसरणं, की ही उदासी?
विसरलेला माणूस काहीबाही ठोकून देतो,
उदास माणूस तेवढीही तसदी घेत नाही,
असं तिनंच लिहिलंय शोधनिबंधात,
आणि तळटीपेत : नेहमीच नाही.

तेवढ्यात एफीचं लक्ष गेलं
तिच्या बाहीच्या उसवलेल्या लोकरीकडे.
"इकडे कर गं हात."
मान खिडकीकडे, टे नदीकडे;
बोटांनी आपली आपणच मारली
तागाच्या गिरणीतली गाठ,
मुगाएवढी.
गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली.

"हे कोणी शिकवलं?"
"माहीत नाही,"
या वेळी मात्र डोळ्यांत बघून.

तक्त्यात गाठीला रकाना नव्हता.
रिकामी चौकट संगणक घेत नाही,
म्हणून मॉर्व्हेननं शून्य भरलं,
खोडलं,
बाही चाचपत बसली.