तासाला सहा लिटर

वादळाला नाव होतं, पण आम्ही ते घेत नव्हतो.
नुसतं 'ती' म्हणायचो. ती वळली. ती येतेय.
उमाकाओत लोक दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकत होते
आणि वेन्सेस्लाओ चौथ्या मजल्यावर
सर्व्हरच्या कपाटांखाली विटा सरकवत होता.
"इतक्या वर पाणी येईल?"
"वरून येईल," तो म्हणाला.

रात्री दोनला खिडकी आत आली.
फुटली नाही. अख्खी आली, चौकटीसकट,
न बोलावलेल्या विहिणीसारखी.
मी, वेन्सेस्लाओ आणि नवी पोरगी इलुमिनादा
दाराला पाठ लावून बसलो, पाय भिंतीला रोवून,
समोरच्या स्क्रीनवर एकेक मनोरा जाताना बघत.
यबुकोआ लाल.
नागुआबो लाल.
लास पिएद्रास, जिथे इलुमिनादाची आई होती,
लाल.
ती काही बोलली नाही. मीही मोजणं सोडलं.

एक तार तेवढी हिरवी राहिली:
गाडलेली, सान हुआनपर्यंत, तिथून समुद्राखालून पुढे.
वर काय चाललंय
तिच्या गावीही नव्हतं.

सकाळी डोंगर तपकिरी.
एवढ्या डोंगरावर पान म्हणून नाही.
आणि रात्रभर कोकी, कोकी करून
स्वतःचंच नाव घेत बसणारे इवले बेडूक
गप्प.

डोळ्यांत तेल घालून जागावं म्हणतात.
आम्ही जनरेटरात घातलं.
तासाला सहा लिटर पितो तो, आणि राहतो गच्चीवर.
वीस लिटरचा कॅन, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या,
दिवसाला सात कॅन, कधी आठ.
पंपावर नऊ तासांची रांग, पुढे बंदूकवाला पोलीस.
मग वेन्सेस्लाओच्या मेव्हण्याचा पोकलेन आठवला.
टाकीत नळी घालून तोंडानं ओढलं मी डिझेल;
दोन दिवस कॉफीला तीच चव,
म्हणजे कॉफी होती तोवर.

तिसऱ्या दिवशी इलुमिनादा म्हणाली, पासवर्ड काढून टाकू.
मालकांना विचारावं, तर मालक सापडत नव्हते.
काढला.
संध्याकाळपर्यंत जिना भरला.
पायरीपायरीवर उजळलेली हनुवटी,
आणि आम्ही कॅन घेऊन मधून वाट काढत:
जरा पाय घ्या, काका, पाय.

दोन्या प्रोविदेन्सियाला टाइप करता येत नव्हतं.
"मुलाला लिही, ओरलँडोला."
काय लिहू?
"लिही, छप्पर गेलं."
मी लिहिलं.
"नको, ते पूस. लिही, कोंबड्या वाचल्या."
पाठवलं, आणि त्याचे आधीचे चोवीस मेसेज
एकदम घरंगळत आले,
सगळे एकाच शब्दाचे.
आई. आई. आई.
ती म्हणाली, वाच. मी चोवीसही वाचले.

पाचव्या रात्री जनरेटर खोकला आणि बसला.
फिल्टरमध्ये गाळ, पोकलेनच्या जन्मापासूनचा.
चाळीस मिनिटं.
जिन्यावर कुणी ओरडलं नाही, उठलंही नाही.
फक्त एकानं अंधारात माझा कॅन हातातून घेतला
आणि वरच्या पायरीवरच्याला दिला.
त्यानं त्याच्या वरच्याला.
मी पहिल्यांदाच मोकळ्या हातांनी चढलो
आणि पाय लटपटले.

इलुमिनादाची आई नवव्या दिवशी चालत आली.
येताना उकडलेली हिरवी केळी आणली,
आणि मुलीला म्हणाली, केस किती घाण झालेत.

वीज एकाहत्तराव्या दिवशी.
पासवर्ड परत घालायला सांगितलं, घातला.
दुपारी तक्रारीचा पहिला फोन,
नागुआबोहून, चिडलेला बाप्या:
"पैसे कशाचे घेता? नेट हळू आहे तुमचं.
सिनेमा लागत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं."

इलुमिनादानं तोंडावर हात दाबला.
हसत होती की काय, मला कळलं नाही.
मी फोन घेतला.
"फिरतंय ना, साहेब?" मी विचारलं.
"नक्की फिरतंय?"