इरोड शॉप

दुकान बंद झालं त्याला पावणेदोन वर्षं.
ट्रंकेतून विट्याला परत आलं ते एवढंच:
तीन मुशी, एकीला चीर,
लांब दांड्याचा चिमटा,
तेजाबानं पिवळा पडलेला टॉवेल
आणि तमिळ पेपरात गुंडाळलेला राउटर,
एक शिंग मोडलेला,
भांडून आलेल्या बोकडासारखा.

हा कशाला आणला, मी तेव्हा विचारलेलं.
"चालू हाय," हे म्हणाले, आणि विषय संपला.
सोनं गाळणाऱ्या माणसाला काही टाकवत नाही.
सव्वीस वर्षं दुकानातला केर यांनी
डब्यात भरून ठेवला, दिवाळीआधी आटवला.
एका वर्षी त्या केरातून
माझ्या कुड्या निघाल्या.

माझं शिवणयंत्र मागच्या खोलीत.
सोप्यातला वायफाय तिथवर येतो
तो धापा टाकत.
मध्ये हातभर रुंद काळ्या दगडाची भिंत,
भिंतीला टेकून पत्र्याची कणगी, जोंधळ्यानं गच्च.
व्हिडिओतली बाई कापडाला कात्री लावते
आणि तशीच थांबते, हात वर.
मग नुसतं ते गोल फिरत राहतं.
कटोरीचा गळा मी तीनदा अंदाजानं कापला,
तिसऱ्यांदा पतसंस्थेतल्या मॅडमचा.

पुतण्या विश्वतेज पलूसला आयटीआय करतो.
म्हणाला, नवं मशीन साडेचार हजार.
माझं तोंड बघून म्हणाला,
"नायतर जुना असंल एखादा, तर काढा काकी."

ट्रंक उघडली. पेपर सोडला.
पिन खुपसली, हिरवा दिवा लागला, लुकलुकला,
आणि बाहेर अंगणात
भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या यांच्या
खिशातला फोन थरथरला.

हे आत आले. फोन तळहातावर धरून,
पोळतोय असा.
पडद्यावर लिहिलेलं:
इरोड शॉप. जोडले आहे. इंटरनेट नाही.

पोराच्या हातात तोवर टाचणी.
"मागचं बटण दहा सेकंद दाबायचं काका,
की सगळं विसरतंय. कोरं होतंय."

"थांब," हे म्हणाले.
"टंच बघितल्याबिगर
भट्टीत घालत न्हाईत काय."

पासवर्ड विचारला तर एका दमात सांगितला:
गाळ्याचा नंबर, त्यापुढं सेल्वम.
सेल्वम कोण? समोरचा चहावाला.
पावणेदोन वर्षांत हे नाव
पहिल्यांदा या घरात आलं.

मग विश्वतेज आकडे बदलत बसला.
"ह्याचं पत्ते वाटायचं काम बंद करायचं, काकी.
घरात पत्ते वाटणारा एकच पायजे,
नायतर दोघं एकच पत्ता दोघांना देत्यात,
आणि सगळंच अडतंय."
मला लगेच कळलं.
आम्ही दोघी जावा बारा वर्षं एका चुलीवर होतो.

वायर नेली मांजराच्या भोकातून,
कणगीला वळसा घालून, खिडकीच्या फळीवर.
सोप्यातला एक नंबर, हा दोन.
पोरानं शेवटी विचारलं, नाव बदलू?
हे शेंगांकडं गेले होते.
मी म्हणाले, राहू दे. चहा घे.

त्या दिवशी व्हिडिओतल्या बाईनं
कात्री सुरू केली ती गळा पुरा होईपर्यंत
थांबली नाही.
मॅडमचा ब्लाऊज बसला.

हे आता दुपारचे माझ्या खोलीत येतात,
चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बसतात.
रेंज चांगली आहे म्हणतात.
परवा फोनवर कुणीतरी "अदिक सेट, अदिक सेट" ओरडत होतं
आणि हे मला न कळणाऱ्या भाषेत
हसत होते.

काल शेजारच्या शिकलगारांची मुस्कान
फॉल-पिको घ्यायला आली.
"काकी, आमच्या फोनात इरोड दिसतंय.
कुठं आलं ते?"

मागच्या खोलीत, मी म्हणाले,
आणि दातात धरलेला दोरा
तोडला.