कारण

कादंबरीतली बाई पोळ्या लाटता लाटता थांबायची
आणि तव्यावरची जळू द्यायची,
पार कोळसा होईपर्यंत बघत.
कारण दिलेलं नव्हतं.
एकशे बाराव्या पानावर,
वाचनालयाच्या प्रतीत, कुणीतरी
समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: हो.

काल कोथरूडच्या थिएटरात
तिला कारण दिलं.
एक विहीर, एक बुडालेला भाऊ,
विहिरीवर व्हायोलिन.
पोळी जळलीच नाही.
स्वयंपाकघर इतकं लख्ख, की तिथून
कुणी कुणाला उलथनं फेकून मारेल
हे खरंच वाटेना.
शेवटी मुलगी परत येते, कुशीत शिरते.
पुस्तकात ती स्वारगेटला एसटीत बसते,
कंडक्टरला सुट्टे मोजून देते
आणि धडा संपतो.

मध्येच शेजारी पाहिलं.
आई पदराचं टोक ओठांशी धरून
पडद्यावरच्या बाईकडे बघत होती.
मोतीबिंदू काढल्यापासून
तिला लांबचं फार स्वच्छ दिसतं.
माझ्या डाव्या भुवईतला व्रण
तसाही अंधारात दिसत नाही.

रिक्षा नळस्टॉपच्या सिग्नलला थांबली,
तेव्हा म्हणाली,
"छान होता गं चारू.
म्हणजे, तिचं तसं काही चुकलं नव्हतं,
नाही का?"

पुस्तक पिशवीत होतं, मांडीवर.
परत द्यायची तारीख उलटून आठवडा झालेला,
दिवसाला रुपया दंड.
सिग्नलवरचे आकडे उतरत होते, एकोणीस, अठरा,
आणि तिनं हात माझ्या पिशवीवर ठेवला होता,
आत काय आहे हे न विचारता.

"व्हायोलिन जरा जास्त होतं,"
मी म्हणाले.