समुद्राकडची खिडकी

रेवदंड्याहून निघालो तेव्हा उजाडायचं होतं.
पोरांना झोपेतच उचलून गाडीत ठेवलं,
भरलेलं ताक हलवावं तसं, हिंदकळू न देता.

मागच्या सीटवर डावीकडे वन्संसाठीचा फणस,
तांदळाची गोणी, त्यावर पापडांचा डबा,
म्हणून खिडकी उरली एकच.
माझ्या पाठची. समुद्राकडची.

कायदा आदल्या रात्रीच झाला होता:
खाडी आली की खिडकी बदलायची.
खाड्या तीन. आगरदांडा, बाणकोट, दाभोळ.
तीनदा गाडी बोटीत चढणार,
तीनदा पाण्याच्या साक्षीने अदलाबदल.
रडून पाळी वाढणार नाही.
चिमटा काढल्यास जप्त.
मुक्ताने हे वहीत लिहिलं
आणि निनादचा अंगठा शाईत बुडवून उमटवला.
ती नऊची, तो पाचाचा.

"किती राहिलं?"
मी किलोमीटर सांगत नाही.
सव्वादोनशे हा आकडा एवढ्याशा पोटात मावत नाही.
"दोन खाड्या आणि एक भूक," म्हणते.
तो मान डोलावतो. भूक त्याला मोजता येते.

दुधाच्या धुतलेल्या पिशव्या,
लवंगा टोचलेलं लिंबू,
ओला पंचा, उकडलेल्या शेंगा,
सगळं पोरांसाठी हाताशी ठेवलेलं.
श्रीवर्धनच्या अलीकडच्या वळणांवर
पिशवी लागली ती सुहासला.
तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला,
दोघं त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.
"बाबा, लांबचं बघ," निनाद म्हणाला,
माझंच वाक्य, माझ्याच आवाजात,
"जवळचं बघितलं की मळमळतं."

बागमांडल्याला बोट डोळ्यांदेखत सुटली.
पुढची पाऊण तासाने.
मी मनात पिशवी उपसली:
पत्ते, गावांच्या नावांच्या भेंड्या,
अगदीच वेळ आली तर मोबाईल.
काहीच काढावं लागलं नाही.
जेटीच्या उतारावर शंख चालत होते,
आत खेकडे, भाड्याच्या घरात राहिल्यासारखे.
एकाचं नाव ठेवलं मामा, दुसऱ्याचं तिकीट.
मामा सारखा उलट्या दिशेला जायचा.
खोपटातला तिकीटवाला बाहेर आला,
"चला, चढवा गाडी."
"इतक्यात?" दोघं एकदम.

मग आंजर्ल्याला पंक्चर,
हर्णैला जेवण, त्यात मासा येईपर्यंत एक तास,
आणि ऊन कलल्यावर कळलं
की समुद्राकडची खिडकी दुपारनंतर उन्हाकडची होते.
हे कायद्यात नव्हतं.
पाळी मुक्ताची. गाल लाल, कपाळावर केस चिकटलेले,
पण बोलली नाही. पाळी ती पाळी.
तिने काचेत पंचा अडकवला, तो सारखा सुटायचा.
निनादने मधूनच हात लांब करून
त्याचं एक टोक धरलं,
तीन गावं जाईपर्यंत धरलं,
हात बदलून बदलून.
मी आरशात पाहत होते. काही म्हटलं नाही,
म्हटलं असतं तर सोडला असता.

दाभोळला दिवे लागले होते.
बोटीचा पत्रा चाकांखाली वाजला
तेव्हा निनाद झोपलेला, तोंड उघडं,
मुठीत शेंगेचं टरफल.
"आई, खाडी आली."
"अगं, झोपलाय तो. बस तूच."
"असं कसं?"
धोपाव्याला उतरेपर्यंत
तिने त्याला खेचत, ढकलत, स्वतः त्याच्यावरून ओलांडत
खिडकीशी नेलं,
पंच्याची घडी करून गाल आणि काच यांच्यामध्ये सरकवली.
बाहेर काळोख. समुद्र दिसत नव्हता,
नुसता वास यायचा, अधूनमधून.

पालशेतला वन्संच्या फाटकाशी बल्ब जळत होता.
पायरीवर त्या उभ्या, पदर खोचलेल्या.
मी हॉर्न दिला नाही. थांबलेही नाही.
पुढे गेले, भाताच्या गिरणीपर्यंत,
तिथे सावकाश वळवली, एक खड्डा चुकवला,
तशीच हळूहळू परत आणली.

"अगं, घर मागे राहिलं होतं," सुहास म्हणाला, "काय झालं?"

म्हटलं, त्याची पाळी फार लहान झाली होती.