सोळाच्या खाली

सावद्यात काल रात्री पारा सातावर आला.
भारंबेंच्या बांधावर ओला पाला पेटवलेला,
धूर केळीच्या कमरेइतकाच चढला
आणि तिथंच पसरून बसला.
गारठ्यानं त्यालाही वर जाववेना.

माझ्या गच्चीवर पाचशे लिटरची निळी टाकी,
तिच्या वर खडीचा वाफा, वाफ्यात पालक,
आणि टाकीत सुपडू भोईनं हतनूरहून आणून दिलेल्या
एकतीस चिलापी.
होत्या चाळीस. मागचा हिवाळा शिकण्यात गेला.

तेव्हा ठाऊक नव्हतं,
रात्री पंप चालू राहिला तर
पाणी खडीतून फिरून फिरून आभाळाएवढं गार होतं.
सोळाच्या खाली मासा तोंड उघडत नाही,
मायेनं टाकलेला दाणा तळाशी कुजतो,
आणि खडीला चिकटलेले ते न दिसणारे जीव,
माशांच्या घाणीतून पालकाचं जेवण रांधणारे,
तेही चूल विझवून बसतात.
नऊ मासे उलटे तरंगले.
सुपडू म्हणाला, दादा, तू लई जेवू घातलं.

यंदा दिवस बुडाला की पंप बंद,
हवेचं यंत्र तेवढं बॅटरीवर बुडबुडतं.
टाकीभोवती थर्माकोल, त्यावर केळीची वाळकी पानं,
त्यावर बारदान, सुतळीनं आवळलेलं,
झाकणावर गोधडी.
खालून कोणी विचारलं, "मासे गोधडी घेता का रे भो?"
म्हटलं, घेतात. पाय नाहीत, म्हणून पुरते.

तीस वर्षं मी दीपनगरला बॉयलरवर होतो.
काटा लाल पट्टीकडे सरकला
की हात आपसूक व्हॉल्व्हकडे जायचा.
भीती नेहमी वरच्या अंगाला.
खालच्या अंगालाही एक लाल पट्टी असते,
हे निवृत्तीनंतर कळलं.

दीडला वीज गेली, तिच्याबरोबर हीटर.
सतरा.
साडेसोळा.
टॉर्चच्या उजेडात मासे तळाशी एकमेकांना खेटून,
कल्ले हलतात की नाही, मोजत राहिलो.
गावाला वीज नव्हती, पण शेतीच्या फीडरला
रात्रपाळीची थ्री फेज होती.
वीस-वीस लिटरचे दोन कॅन मोपेडला बांधले
आणि भारंबेंच्या बागेत गेलो.

सातशे फुटांखालचं पाणी
मागचा वैशाख अंगात घेऊन वर येतं,
हौदात वाफाळत होतं.
वासुदेव कानाला मफलर गुंडाळून उभा,
घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, रांगाच्या रांगा,
शाळेतली पोरं थंडीत प्रार्थनेला उभी असतात तशा.
तो म्हणाला, "मी केळीले पाजतो, तू माशाइले पाज."
आणखी काही बोललो नाही.
दोघांच्याही तोंडातून वाफ निघत होती, तीच पुरे.

तीन खेपा झाल्या.
आधी तेवढं गार पाणी काढायचं,
मग ऊन पाणी तांब्या-तांब्यानं, एकदम नाही,
माशाला उबेचाही धक्का बसतो.

चारला हेमलता वर आली, शालीत.
टाकी बसवली तेव्हा तिची अट होती,
मासा जिन्याच्या खाली उतरणार नाही.
पालक नेते, तीन पाण्यांनी धुऊन.
गच्चीवर ती कपडे वाळत घालायला येते
आणि टाकीकडे पाठ करून उभी राहते.

तिनं गोधडी बाजूला केली,
बांगड्या वर सरकवल्या
आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला,
योगिताच्या अंघोळीचं पाणी बघायची तसा.
हात आत राहू दिला.
अंधारात काहीतरी तिच्या दंडाला घासून गेलं असावं,
कारण ती जराशी दचकली, पण हात काढला नाही.

"अजून एक खेप लागेल," ती म्हणाली.

थर्मामीटर अठरा दाखवत होता.
मी कॅन उचलले.