रांजणाच्या आतून

विसारिओनच्या परसात, द्राक्षांच्या मांडवाखाली
गळ्यापर्यंत पुरलेला रांजण.
आधी दोरीनं मेणबत्ती सोडली बुडापर्यंत.
ती जळत राहिली, मग मी उतरले.
या गावात आता माझेच खांदे
त्या तोंडातून जातात.

"बोलत राहा गं," वरून विसारिओन म्हणाला,
"गप्प झालीस की ओढून काढीन."
म्हणून मी बोलत होते :
अंड्यांचा भाव, शाळेचं गळकं छप्पर,
कुतायसीच्या बसची बदललेली वेळ.
हात मात्र चेरीच्या सालीच्या कुंच्यानं
गेल्या सुगीचा गाळ खरवडत होते.

हा बाबांच्या हातचा. ओनिसे कुंभाराचा.
सत्तावीस वर्षांची वाईन पोटात मुरवलेला.

रोज एक वळी चढवायचे ते, चार बोटं उंचीची.
ओलीवर ओली चढवली तर रांजण बसकण मारतो,
वाळलीवर चढवली तर माती माती धरत नाही.
मधली घडी तेवढी ओळखायची.
ती तळहाताला कळते, म्हणायचे,
घड्याळाला नाही.

एकदा तिबिलिसीहून एक हॉटेलवाला आला, चकचकीत बुटांचा.
त्याला दर्शनी दालनात उभा करायला रांजण हवा होता.
"आत काय भरणार?"
"काहीच नाही."
"मग नीट कुठली बाजू करू?"
तो हसला. बाबा हसले नाहीत.
पैसे घेतले,
आणि तोही रांजण रात्रभर पाण्यानं भरून ठेवून,
गळत नाही हे बघूनच दिला.
गळक्या रांजणाचं देखणेपण काय चाटायचंय, म्हणायचे.

पण कुठलाही रांजण पुरायच्या आदल्या संध्याकाळी
हेच बाबा कुंपणापाशी जाऊन उभे राहत,
लांबून बघत
त्याच्या पोटाच्या गोलाईकडे,
जी उद्या जमिनीत जाणार.
जेवायला बोलावलं तरी यायचे नाहीत.

कंदील जवळ नेला तेव्हा
मेणाच्या लेपाखाली बोटांच्या ओळी दिसल्या.
बुडापासून चार-चार.
वर खांद्यापाशी, पार गळ्यापर्यंत, तीन-तीन.
हे समजण्यासारखं होतं.
त्याच शरदात भट्टीची लाकडं कापताना
त्यांची करंगळी आरागिरणीत गेली.
आठ दिवस इस्पितळात होते.
मला मावशीकडे धाडलेलं.

आठ दिवसांत अर्धवट रांजण वाळून तडकतो.
हा तडकला नव्हता.
चार आणि तीनच्या मध्ये
आणखी एक पट्टा होता, बारीक ओळींचा.
खाली वाकड्या, अडखळत्या,
एके ठिकाणी पुसून परत ओढलेल्या,
मग वर वर जाताना सरळ होत गेलेल्या.
मी वळ्या मोजल्या.
आठ.

कुंचा बाजूला ठेवून
त्या ओळींत मी माझी बोटं घातली.
बसली.

आई जन्मभर म्हणत आली,
त्या चिखलाशी माझा काय संबंध?
बाबांचे बूट ती उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही.

"लामारा! ए लामारा!"
मी गप्प झाले होते. दोरी ताणली गेली,
काखेत काचली,
आणि मी उजेडात आले, गुडघ्यांना गाळ, डोळे मिचकावत.
"वास चढला का?"
नाही म्हटलं.

घरी आई ओट्यावर घेवडा निवडत होती.
"विसारिओनचा रांजण ना?
मध्यावर मेण नीट आहे का गं, पोटाच्या जरा वर?"
मान वर केली नाही तिनं.
"आहे," मी म्हटलं. "थेंब जात नाही."
तिनं एक खडा शोधला, अंगणात भिरकावला.
"हात धू मग," म्हणाली,
"आणि ते बूट बाहेर काढ."