डाव्या कानामागे

प्रेसमध्ये एकतीस वर्षं माझं काम एवढंच :
छापलेला ताव उजेडात धरायचा,
शाई पसरली असेल, आकडा सरकला असेल
तर लाल पेन्सिलीची खूण करून
बाजूला ठेवायचा.
पुढे त्याचं काय होतं, आम्ही विचारत नसू.

गायधनी डॉक्टरांनी सुपारीला माझ्या हातात दिलं
तेव्हा नजर आधी तिथेच गेली. जुनी खोड.
मागचा डावा पाय जिथून सुरू व्हायचा
तिथे भादरलेली गुलाबी कातडी, अकरा टाके,
उसवलेलं पोलकं घाईत शिवावं तसे.
"साडेपाच किलो होती," डॉक्टर म्हणाल्या,
"आता पाच किलो दीडशे."
साडेतीनशे ग्रॅम म्हणजे किती,
जेलरोडपर्यंत रिक्षात मी मांडीवर तोलत राहिले.

टेम्पो द्राक्षांचा होता, बिटकोजवळ, रिव्हर्स घेत होता.
ड्रायव्हर म्हणजे मिसरूडही न फुटलेला पोरगा,
माझ्याआधी तोच रडला,
आणि काय करावं न सुचून एक क्रेट आमच्या दारात ठेवून गेला.
कुत्र्यांना द्राक्षं विषासारखी, हे त्याला कुठून ठाऊक.
आम्हालाही गेली नाहीत.

मग फरशी.
हौसेनं बसवलेली पांढरी, तोंड दिसेल अशी.
सुपारी तिच्यावर उभी राहिली, फसकन बसली,
उठली, फसकन बसली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की फरशी मीच निसरडी करून ठेवलीय.
गोणपाट आणलं. सतरंजी. यांची योगाची चटई,
दोनदा वापरलेली.
खालचे निसारभाई अंबडहून रबराचा पट्टा घेऊन आले,
म्हणाले, "मशीनखाली घालतात, भाभी. थरथर पिऊन घेतो."
पलंगापासून पाण्याच्या वाटीपर्यंत अशी एक वाट झाली,
चार रंगांची, चार जाडीची.
आम्हीही आता तिच्यावरूनच चालतो.

पोटाखालून टॉवेलची झोळी, दोन्ही टोकं माझ्या मुठीत,
सकाळी कंपाउंडमध्ये निघतो आम्ही,
थंडी अशी की बोलताना वाफ निघते.
बाजाराची पिशवी मी नेतेय की पिशवी मला,
बघणाऱ्याला कळू नये.
कुलथेबाई गॅलरीतून म्हणाल्या,
"इंजेक्शन देऊन मोकळं करायचं होतं हो बिचारीला."
मी वर पाहिलं.
लाल पेन्सिल अशी दिसते तर, दुसऱ्याच्या हातात.

नवव्या दिवशी झोळीशिवाय
तिनं लिंबाच्या आळ्यात लघवी केली,
डगमगत, पण स्वतः.
मी टॉवेल हातात घेऊन उभी, आणि डोळ्यांत पाणी,
एवढ्याशा गोष्टीला.
यांना फोन करून सांगितलं तर हे म्हणाले, "बरं."
मग संध्याकाळी खवा घेऊन आले.
खव्यात गोळी लपवायची म्हणून, म्हणाले.
खवा ती खाते. गोळी कपाटाखाली सापडते.

रात्री तीनच्या सुमाराला स्टेशनात एखादी मालगाडी
उगाच शिट्टी देत उभी असते.
तेव्हा तो ठुणका हलायला लागतो,
भरभर, हवेत,
शिलाई मशीनची पायपट्टी एकटीच चालावी तसा.
मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले.
खाज डाव्या कानामागे. पाय कुठेच नाही.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं होतं.

आता हात घालते.
ठुणक्याच्या लयीत नखं चालवते,
तो जोरात, तर मी जोरात,
तो थांबला की थांबते.
तिला वाटत असेल पाय आहे अजून.
वाटू दे.
दिवा लावत नाही मी.
उजेडात धरून बघायची सवय
एवढ्यापुरती बाजूला ठेवली आहे.

उजवा कान मात्र ती स्वतः खाजवायला जाते,
कलंडते, सावरून बसते, पुन्हा कलंडते.
तिथे हात पुढे केला
तर गुरगुरते.